शुक्रवारचा तिसरा निरोप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, मित्रांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून बोलतोय — हाही एक भेकडपणाच, नाही का?

सुरुवात आइस हॉकीपासून करतो. हसू नका. पुण्यात वाढलेल्या माणसाला बर्फावरचा हा खेळ कुठून चिकटला, असं सगळेच विचारतात. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमधला माझा पहिला हिवाळा फार एकटा गेला. मीनल, माझी बायको, तेव्हा मुंबईतच होती, आणि इरा जेमतेम वर्षाची. ऑफिसातला एकजण मला मॅचला घेऊन गेला आणि मी वेडाच झालो. संघाचा मफलर घेतला, मॅच दाखवणाऱ्या पे-चॅनलचा डिकोडर घेतला, नियम पाठ केले. एरवी ह्या देशात मला कुणी काही विचारत नसे. पण सोमवारी कॅन्टीनमध्ये मी हॉकीवर बोलू लागलो की चार जर्मन ऐकत बसायचे. तो खेळ माझा होता — निदान मला तसं वाटायचं.

मीनल मुंबईत एका वाहिनीवर मालिकांचे प्रोमो करायची. 'उद्या काय होणार' अशी हुरहुर लावणारे ते तीस सेकंद. इथे आल्यावर घरी बसून कंटाळली होती. इरा किंडरगार्टनला जायला लागली तशी तिला एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. तो स्टुडिओ त्याच पे-चॅनलसाठी हॉकीचे ट्रेलर बनवायचा. प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिने पारखून घेणार, मग कायम करणार. मी हसलो होतो. ह्यात चेंडू नसतो, चकती असते, तिला पक म्हणतात, हे तरी माहितेय का तुला, म्हणालो होतो. ती चिडली नाही. रोज संध्याकाळी जेवताना प्रश्न विचारायची, मी मिठाची बरणी गोलपोस्ट म्हणून मांडून समजवायचो. त्या संध्याकाळी मी सुखात होतो, हे कबूल करतो.

मग तिचा पहिला ट्रेलर लागला. गोल नाहीत, मारामारी नाही, धडाधड संगीत नाही. जाळीच्या मुखवट्याआडचे गोलकीपरचे डोळे फक्त — तीनदा, दर वेळी आणखी जवळून. मालिकेत सासूच्या हाती चिठ्ठी लागते तेव्हा दाखवतात ना, अगदी तसे. आणि स्केट बर्फावर घासल्याचा आवाज. शेवटी वार आणि वेळ. सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणी मला नियम विचारला नाही. ''हे तुझ्या बायकोने केलंय?'' एवढंच सगळे विचारत होते. हो, हो, म्हणत मी हसत राहिलो.

पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला आलाय हा अनुभव? आपल्याच माणसाचं कौतुक ऐकताना तोंड हसत असतं आणि आत कुणीतरी चिमटे काढत असतं?

पुढे वाढतच गेलं. तिला स्टेडियममध्ये गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. मी मफलर घालून वरच्या रांगेत उभा, ती खाली कॅमेऱ्यांच्या बाजूला, तिथून मला हात करायची. तिने मला प्रश्न विचारणं बंद केलं — आता विचारायला खेळाडूच होते. एकदा घरी दोन मराठी कुटुंबं जेवायला होती, टीव्हीवर मॅच चालू होती, आणि मी ऐटीत म्हणालो, ''बघा, इतक्या लांबून पक थेट पलीकडच्या टोकाला मारला, हा फाउल. आइसिंग.'' मीनल पोळ्या वाढता वाढता म्हणाली, ''अरे, त्यांचा एकजण शिक्षा होऊन बाहेर बसलाय ना? मग चालतं ते.'' तिचं बरोबर होतं. सगळे हसले. तीही हसली — सहज, काही मनात न ठेवता. मी त्यानंतर दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

आता त्या शुक्रवारकडे येतो. किती वळसे घालतोय, कळतंय मला.

आमच्या घरी आन्सरिंग मशीन होतं, आणि ते म्हणजे एक तमाशाच. पुण्याची आत्या आणि डोंबिवलीच्या मावशी यंत्राशी बोलणं कधी शिकल्याच नाहीत. ''हॅलो... हॅलो... अगं मीनल, बोलत का नाहीस?'' असं ओरडून ठेवून द्यायच्या, पुन्हा लावायच्या. यंत्र भरून जायचं. मग मीनल घरात शिरल्या शिरल्या दोन-चार निरोप न ऐकताच पुसून टाकायची. तिच्याजवळ मोबाइल नव्हता, माझ्याजवळ ऑफिसचा होता. तिच्या स्टुडिओकडे घरचाच नंबर. आणि जर्मन माणसाचं कसं असतं — यंत्रावर बोललं म्हणजे सांगितलं. परत विचारणार नाही.

प्लेऑफ, म्हणजे मोसमाच्या शेवटचे निर्णायक सामने, चालू होते. शुक्रवारी मी लवकर घरी आलो. मीनल इराला आणायला गेली होती. यंत्रावर तीन निरोप. पहिले दोन आत्याचे. तिसरा यूटाचा, मीनलच्या बॉसचा. रविवारची मॅच चॅनलने पुढे घेतली होती — संध्याकाळी साडेसहाऐवजी दुपारी अडीचला. तयार ट्रेलरवर वेळ बदलायला हवी होती. मीनलने आज तासभर येऊन नवी टेप करून ठेवावी, यूटा स्वतः वीकेंडला गावाला निघाली आहे, बाकी सगळं मीनलवर सोपवलं आहे, तिच्यावर पूर्ण भरवसा आहे.

पूर्ण भरवसा. मला तेवढंच ऐकू आलं.

मी तिन्ही निरोप पुसले. चुकून नाही. बटण दाबलं, आणि पुसलं गेलं की नाही ते पुन्हा तपासून पाहिलं.

शनिवारी दिवसभर तो जुन्याच वेळेचा ट्रेलर लागत होता. मीनल भाजी निवडत बघायची, इराला सांगायची, बघ आईने केलंय. अख्खा शनिवार माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. रविवारी प्राणिसंग्रहालयात जायची टूम मीच काढली, दुपारी टीव्ही लावला जाऊ नये म्हणून. सहाच्या पुढे परत आलो. मीनलने घाईने बूट काढले, टीव्ही लावला — मॅच केव्हाच संपली होती, सुटातले दोघं बसून खेळावर चर्चा करत होते. ''अगं, हे कसं काय?'' मी म्हणालो. होय, हे मी म्हणालो.

सोमवारी यूटाने तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही म्हणे. चॅनलला शेकडो चिडलेले फोन गेले होते. मीनल सांगत राहिली की निरोप आलाच नाही. यूटा म्हणाली, मी स्वतः बोलले आहे. दोघीही खरं बोलत होत्या.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, ''तू ऐकला होतास का रे?''

''नाही. आत्याचे फोन पुसताना तुझ्याकडूनच गेला असेल.''

तिने यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, ''असेल.''

तिला कायम केलं नाही. आणि मला काय वाटलं? हलकं वाटलं. पुढच्या मॅचला ती माझ्याशेजारी सोफ्यावर बसली होती, मी नियम सांगत होतो, ती ऐकत होती. मला बरं वाटलं. याहून घाण गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही — बटण दाबण्याहूनही हे बरं वाटणं घाण होतं.

तिने पुन्हा कुठल्या स्टुडिओत अर्ज केला नाही. मीच एकदा सुचवलं होतं, चांगुलपणा मिरवायला. ''जबाबदारीचं काम नको रे मला,'' म्हणाली. आता एका भाषाशाळेच्या ऑफिसात फॉर्म तपासते. प्रत्येक फॉर्म तीनदा. घरातून निघताना गॅस बघायला परत वर येते. आम्ही तिला त्यावरून चिडवतो — मीसुद्धा.

गेल्या महिन्यात इराच्या वर्गाने एक छोटी फिल्म काढायची ठरवली. इरा आता दहा वर्षांची आहे, मराठी कळतं पण उत्तर जर्मनमधून देते. तिने जेवताना विचारलं, आईला फिल्म जोडता येते ना, मग ती करून देईल का. मीनल घाईघाईने म्हणाली, ''नको गं राणी, माझ्यावर नको टाकूस. मी फार विसराळू आहे. बाबांना विचार हवं तर.''

इरा माझ्याकडे वळली. मी म्हणालो, बघू.

मीनल विसराळू नाही. कधीच नव्हती.