दादावरचा विनोद

वहिनींनी सही केली तर मी घरी, नाही केली तर दवाखान्यातच. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं. जे केलं ते मी डोकं ठिकाणावर नसताना केलं, म्हणून शिक्षा नाही. पण मोकळाही सोडायचा नाही. घरच्या कोणीतरी लिहून द्यायचं, की याला आम्ही सांभाळू, औषध देऊ, कोणाला इजा होऊ देणार नाही. एवढी चौकशी माझ्यासाठी स्थळ बघताना झाली असती ना, तर लग्न तरी झालं असतं.

दादा तर एका पायावर तयार होता. पण दादालाच तर मी मारलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम इंदूरच्या, आपल्या मराठीच. त्या म्हणाल्या, "त्यांची सही चालेल हो. पण लक्ष कोण ठेवणार? त्यांच्या डाव्या बाजूने तुम्ही आलात तर त्यांना दिसणारसुद्धा नाही." दादाचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. बोलणंही अडखळतं, एक शब्द आला की दुसऱ्याची वाट बघावी लागते. म्हणून सगळं वहिनींवर आलं.

आमचं घर कोटरा सुल्तानाबादला. दोन खोल्या, वर पत्रे. बाबा नागपूरहून सरकारी हापिसाबरोबर इथे हिंदी मुलखात आले, चपराशी होते. ते गेल्यावर दादा त्यांच्याच जागी लागला. मी शाळेत फार गेलो नाही. जितका गेलो तितक्यानेच शाळेला पुरे झालं. मग टेंट हाउसमध्ये लागलो. लग्नाचे मंडप ठोकायचे, बाजूने कापडी कनाती बांधायच्या, खुर्च्या मांडायच्या. हुशारी म्हणाल तर एकदा मंडीदीपला एका लग्नात चारी बाजूंनी कनात मस्त आवळून बांधली, नि दार ठेवायचंच विसरलो. नवरदेव घोड्यावर बसून मंडपाला चक्कर मारतोय, बँडवाले मागे, नि आतून मुलीचे काका ओरडतायत, "अरे, कुठून येताय?" मालकाने मला सगळ्या वरातीसमोर शिव्या घातल्या. घरी येऊन मी हे सांगितलं तर दादा हसून हसून गादीवर आडवा.

असंच होतं आमचं. मी दिवसभर फजीत व्हायचं, संध्याकाळी घरी येऊन सांगायचं, दादाने हसायचं. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "पुरे करा भाऊजी, ह्यांना ठसका लागेल." माझ्यासारख्या माणसाला दुसरी कमाई काय असते?

त्या वर्षी लग्नं खूप होती. रात्री मंडप, पहाटे मंडप, झोप अशी नाहीच. पहिले दोन-तीन दिवस त्रास झाला, मग झोपच लागेना नि त्रासही होईना. उलट मस्त वाटायला लागलं. तोंड बंदच होईना. लग्नातली पाहुणेमंडळी माझ्याभोवती गोळा व्हायची. मालक म्हणाला, "तुला तर स्टेजवर बसवायला पाहिजे." मलाही तेच वाटायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला हुशार समजलो. तिथेच मला संशय यायला पाहिजे होता.

मग दादाचं हसणं खटकायला लागलं. जो माणूस जन्मभर माझ्यावर हसत आला, तो आता हसला की मला वाटायचं, ही खूण आहे. हा हसतो, की बाहेर कोणाला तरी कळतं मी घरात आहे. एका दुपारी तो जेवता जेवता हसला. खुंट्या ठोकायचा घण माझ्या सामानात होता. पुढचं मी सांगत नाही, म्हणजे मला नीट आठवतही नाही. वहिनींना सगळं आठवतं.

दवाखान्यात पहिले काही महिने गेले ते मला धुरातून बघितल्यासारखे आठवतात. मग गोळ्या लागू पडल्या नि मला कळलं मी काय केलंय. ते कळण्यापेक्षा धूर बरा होता.

तर ही सहीची बैठक. खोलीत मॅडम, वहिनी नि मी. दादाला मॅडमनी मुद्दाम बोलावलं नव्हतं, वहिनींना मोकळं बोलता यावं म्हणून. वहिनी माझ्यापासून दूरच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. इतक्या महिन्यांत त्या मला पहिल्यांदा बघत होत्या, नि बघत नव्हत्या.

मॅडमनी फळ्यावर चार खाने पाडले. मला म्हणाल्या, "चुलीसारखं समजा. लाकूड कुठलं, काडी कशाने लागली, फुंकर कोण घालत राहिलं, नि पाणी कुठे आहे. हे कळलं की पुढे काय करायचं ते ठरवता येतं. नुसत्या गोळ्या दिल्या तर पुन्हा कधी पेटेल ते कळणार नाही."

लाकूड म्हणजे आमच्या घरातच आहे म्हणे. आईच्या भावाला असंच व्हायचं. मलाही विशीत एकदा झालं होतं, तेव्हा घरच्यांनी बाहेरचं काही लागलं म्हणून उतारा केला होता. मी बोललो, "म्हणजे बाबांनी नोकरी दादाला दिली नि मला मामाकडून हे." मॅडम हसल्या नाहीत. काडी म्हणजे न झोपणं. फुंकर म्हणजे लोक हसत राहिले, कोणाला काही वेगळं वाटलं नाही. नि पाण्याच्या खान्यात काय लिहायचं, मॅडमनी विचारलं. म्हणजे मला आवरू शकेल असं कोण?

वहिनी हळूच म्हणाल्या, "हेच. ह्यांचंच तेवढे ऐकायचे."

मॅडमनी तिथे दादाचं नाव लिहिलं. मी ते नाव बघत बसलो. मी फोडला तोच पाण्याचा हंडा.

मग मॅडम वहिनींकडे वळल्या. "पुन्हा असं व्हायला लागलं तर ते सगळ्यात आधी तुम्हाला दिसणार. तेव्हा आधीच्या आठवड्यात काय वेगळं दिसलं होतं?"

"जास्त हसवत होते."

"आणि झोप?"

"झोप नव्हतीच. पण ते तर सीझनमध्ये असतंच. हसवणंच जास्त होतं."

"म्हणजे विनोद जास्त झाले की आम्हाला फोन करायचा, असं लिहू?"

"किती झाले म्हणजे जास्त, मॅडम?" वहिनींनी विचारलं. "भाऊजी तर आधीपासूनच थांबत नाहीत."

मला हसू आलं. वाटलं आता सरकारी दवाखाना माझे विनोद किलोवर मोजणार. पण मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आत्ता तासाभरात हे जे जे बोलले, ते सगळं स्वतःवरच होतं. शाळा, लग्न, मामा. त्या आठवड्यात विनोद कोणावर होते?"

वहिनींनी पर्सची चेन उघडली, बंद केली.

"ह्यांच्यावर," त्या म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. चपराशी आहेत त्यावर. पगारावर. चालण्यावर. आधी कधीतरी एखादा असायचा, भाऊ भाऊ करतात तसा. तेव्हा मात्र एकामागून एक." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्हाला पोर नाही, त्यावर पण केला. चार लोकांत. हे हसले. हे हसले म्हणून मी पण हसले."

मला तो विनोद आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. माझे सगळे फालतू विनोद पाठ आहेत मला, नि तो एक नाही.

"मी हसले नसते तर?" वहिनींनी मॅडमना विचारलं.

"तुम्ही हसला नसतात तरी आजार थांबला नसता," मॅडम म्हणाल्या. "पण ही खूण मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती."

त्यांनी लिहून घेतलं. पहिली खूण झोप. दुसरी, विनोद स्वतःवरून दादाकडे वळला की लगेच फोन. मग वहिनी म्हणाल्या, "सही करते मी. पण ह्यांच्यावर एकही नको. चांगला असो की वाईट."

"थोडी चेष्टा म्हणजे काही आजार नाही, वहिनी," मॅडम समजावायला लागल्या.

"मॅडम, साधी चेष्टा कुठली नि आजाराची कुठली, हे मला ओट्यापाशी उभं राहून कसं कळणार?"

मी म्हटलं, "मंजूर." मला वाटलं स्वस्तात सुटलो. माझ्यावर विनोद करायला माल काय कमी होता?

कोर्टात कागद गेला, तारखा पडल्या, शेवटी मी घरी आलो. गोळी वहिनींसमोर घ्यायची, घेतल्यावर जीभ वर करून दाखवायची. सकाळी चहाआधी त्या विचारायच्या, "झोप लागली?" टेंटवाल्या मालकाने परत ठेवून घेतलं, पण फक्त खुर्च्या नि गाद्यांवर. घणाला हात नाही. बरोबरच आहे. वहिनी चाकूसुद्धा वापरून झाला की धुऊन आतल्या खोलीत नेऊन ठेवायच्या. मी बघितलं की नाही बघितल्यासारखं करायचो.

दादा मात्र पहिल्या दिवसापासून खूश. संध्याकाळी माझी वाट बघायचा. मी काय घडलं ते सांगायचो, तो हसायचा. तोंड आता एका बाजूनेच हसतं. मला तिकडे बघवत नाही, म्हणून मी सांगताना भिंतीकडे बघतो. तो स्वतःवरही विनोद करायला शिकला. म्हणाला, "इतकी वर्षं... चपराशी होतो. डोळा गेला तर सगळे... साहेब, बसा बसा करतात." त्यावर कोणीच हसलं नाही.

मग ती चपलेची गोष्ट झाली. दादा हापिसातून आला तर एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात वहिनींची, अंगठ्यावर फूल असलेली. सकाळपासून सगळ्या हापिसात तसाच फिरला. एकाही माणसाने त्याला सांगितलं नाही. जिभेवर आलं माझ्या. ओठांपर्यंत आलं. मी गिळलं नि म्हटलं, "माझे तर दोन्ही पायच डावे."

दादा दारातच उभा. "तुझ्यावर नको रे. तुझ्यावरचे... पाठ झाले. माझ्यावर कर."

"नाही दादा."

"एकच." त्याला पुढचे शब्द मिळेनात, मी थांबलो. "तू चिडवायचास... तेव्हा वाटायचं, मी आहे. आता सगळे मला... काचेचा समजतात. तू पण."

मी ओट्याकडे बघितलं. वहिनी हातात चिमटा घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, करू का एक? चपलेवर?"

"गोळी घेतली होती?"

"काल तुमच्यासमोरच."

"झोप?"

"झाली."

तव्यावरची पोळी करपली. मग त्यांनी विचारलं, "करावासा वाटतोय का तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हो. खूप."

"मग नको," त्या म्हणाल्या.

दादा चपला काढायला वाकला. फुलाच्या चपलेचा पट्टा अडकला होता, मी पुढे झालो. "राहू दे," म्हणाला, "मला येतं." जेवताना तो माझ्याशी बोलला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुःखाने की आजाराने, ते मला काय कळणार? मॅडमनाही त्या वेळी कळलं नसतं. सकाळी वहिनींनी चहाचं भांडं ठेवता ठेवता रोजचं विचारलं, "झोप लागली?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बंद केला नि फोन उचलला. आतून दादा विचारत होता, "इतक्या सकाळी... कोणाला लावतेस?" त्यांनी मॅडमचा नंबर लावला. मी दाराजवळ उभा राहिलो, हात दोन्ही त्यांना दिसतील असे.