रांगेलचा डबा आणि सासऱ्याची भिंत

रांगेलने आयुष्यात पुष्कळ गोष्टी बनवल्या, आणि त्यातली एकही सरळ उभी राहिली नाही, असं त्याच्या सासऱ्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असं मला म्हणवत नाही. त्याच्या खुराड्यात कोंबड्या रात्री एका बाजूला झोपत आणि सकाळी दुसऱ्या बाजूला सापडत. बायकोसाठी, म्हणजे रायनासाठी, त्याने मिरच्या भाजायचं यंत्र केलं, ते आधी अख्ख्या आळीची वीज घालवी आणि मग सवड मिळाली तर मिरच्या भाजी. माणूस मात्र लाख मोलाचा. शेजारच्या गावातली सूतगिरणी बंद पडेपर्यंत तो तिथे वायरमन होता. नंतर आमच्या गावात कुणाचाही पंप किंवा इस्त्री बिघडली की रांगेल हजर, आणि मोबदला काय, तर घरच्या राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, एक पेला. कधीकधी दोन.

सासरे म्हणजे नायदेन मिस्त्री. अर्धं गाव त्यांनी बांधलंय, त्यात माझं वाचनालयही आलं. किल्ल्या एकवीस वर्षं माझ्याकडे आहेत म्हणून मी त्याला माझं म्हणते, एरवी ते सरकारचं. ब्याऐंशीव्या वर्षीसुद्धा मिस्त्रींच्या कोटाच्या खिशात गवंड्यांची छोटी लेव्हलपट्टी असायची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. कुणाकडे जेवायला गेले तरी ती आधी टेबलावर ठेवायचे, बुडबुडा मधोमध आला तरच खुर्ची ओढायचे. जावयाच्या कुठल्याही कामाला सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही सरळ म्हटलं नव्हतं. रांगेलला ते फार लागायचं. एकदा दुसऱ्या पेल्यानंतर मला म्हणाला, "गिंकाताई, त्यांनी एकदा म्हणावं, की बाबा रे, हे सरळ झालंय. मग मी मेलो तरी चालेल."

"मरू नकोस एवढ्यात," मी म्हटलं. "माझा गिझर राहिलाय."

तर रांगेल-रायनाची लेक नेवेना स्पेनला एका हॉटेलात नोकरीला गेली आणि तिकडेच लग्न करून मोकळी झाली. लग्नाला इथून फक्त आईबाप गेले. गाव रुसलं. आमच्याकडे लग्नाला न बोलावणं म्हणजे काही थोडंथोडकं नाही, तीन घरांनी रायनाशी बोलणं टाकलं. तेव्हा रांगेलने जाहीर केलं, की लग्नाची सीडी आलीय, ती वाचनालयाच्या भिंतीवर मोठी करून अख्ख्या गावाला दाखवतो, जेवण माझ्याकडून, आणि मोठी करायचं यंत्रही माझं मीच बनवतो. शेवटचं ऐकून लोकांनी जेवणाला यायचं कबूल केलं.

यंत्र त्याने मधमाश्यांच्या जुन्या पेटीत बसवलं. संगणकाचा पडदा सोलून त्यातली काच काढली, मागे गिरणीच्या फाटकावरचा दिवा लावला, शाळेच्या भंगारातून भिंगं आणली. गार ठेवायला मोटारीतला पंखा. पेटी अशी गुणगुणायची की माश्या परत आल्या असं वाटावं.

पहिल्या दिवशी नवरी उलटी आली, डोकं खाली. ते दुरुस्त झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण रांगेल टेप घेऊन भिंतीपाशी गेला आणि तोंड पाडून परत आला.

"वर दोन मीटर ऐंशी," तो म्हणाला. "खाली दोन मीटर नव्वद."

आम्हाला तोवर काही दिसत नव्हतं. त्याने सांगितलं आणि मग मात्र दिसायलाच लागलं. वर निमुळतं, खाली पसरट.

"माझ्या पोरीचे कुल्ले एवढे?" रायना म्हणाली. "लोक म्हणतील, स्पेनमध्ये हॉटेलात काम करते की हॉटेल खाते?"

तीन दिवस तो त्या दहा सेंटिमीटरच्या मागे लागला होता. पेटीचं तोंड जरा वर किंवा खाली झालं की चौकोन असा बिघडतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने सुताराकडून लेव्हल आणून पेटी अगदी काटेकोर सरळ केली, आत काचेखाली काडेपेटीच्या काड्या सारून ती ओळंब्यात आणली. पेटी सरळ, काच सरळ, भिंग सरळ, आणि चित्र आपलं खाली रुंदच. चौथ्या दिवशी मिस्त्री काठी टेकत बघायला आले, आणि थकलेल्या रांगेलच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पेटी तर लेव्हलमध्ये आहे. म्हणजे कदाचित भिंतच..."

पुढचं त्याने गिळलं, पण व्हायचं ते झालं होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," मिस्त्री म्हणाले. "जावईबुवा, ही भिंत मी एकसष्ट साली बांधलीय. तेव्हा तुम्हाला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. पुढे मोठा भूकंप झाला, त्यात चर्चचा घुमट तडकला, पण ही भिंत? हिला केसाएवढी चीर नाही." आणि काठी आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रायनाने भिंतीवरचे ओलीचे डाग झाकायला रुखवतातली मोठी पांढरी चादर आणली. रांगेलने शिडीवर चढून ती छतापाशी ठोकली आणि सोडली. चादर सरळ खाली आली. वर ती भिंतीला चिकटलेली, आणि खाली भिंतीपासून चांगली वीतभर लांब. मी मधल्या फटीत पाय घालून पाहिला, चप्पल घातलेला पाय आडवा मावला. भूकंपात चीर पडली नव्हती हे खरं, पण भिंत उभीच्या उभी आत झुकली होती. रांगेलने दिवा लावला. चादरीवर चित्र वरखाली सारखं, तंतोतंत.

"आता ही चादर अशीच लटकू दे," मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. "रविवारी जेवायला आलेलं सगळं गाव ही फट बघेल. सव्वीस वर्षांचं उट्टं एका दिवसात फिटेल."

रायना चादरीच्या चुण्या सारख्या करत राहिली. बाप तिचा, नवराही तिचाच. रांगेल शिडीच्या पायरीवर बसला.

"ताई, त्यांच्या बरोबरीचे सगळे गेले," तो म्हणाला. "दोन्ही मुलगे परदेशात. रोज या भिंतीपाशी बसतात नि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, मी बांधली. उद्या काय सांगतील?"

"आणि तू? तुला तो शब्द नको?"

"हवाय की," म्हणाला, आणि शिडीवर चढून चादरीचे खिळे उपटायला लागला.

मग भिंत जेवढी झुकली होती, तेवढीच त्याने पेटी वाकडी केली. टेबल ठेंगणं केलं, पेटीच्या पुढच्या बाजूखाली पाचरी ठोकून तिचं तोंड वर उचललं. वर दोन पंचाऐंशी, खाली दोन पंचाऐंशी. तिरकेपणा दिसू नये म्हणून पेटीवर रायनाने भरतकाम केलेला रुमाल पसरला.

रविवारी दुपारी गाव लग्नाला यावं तसं नटून आलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. बानित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीची, ताटं फिरली, अजून गरम. राकियाही फिरली. भिंतीवर नुसता निळा चौकोन उमटला होता, सीडी लावायची होती. नवरीचे आजोबा म्हणून मिस्त्रींची खुर्ची मानाने पेटीशेजारीच मांडलेली. त्यांनी पेटीकडे बघितलं, रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला केला आणि खिशातून लेव्हलपट्टी काढून पेटीवर ठेवली.

मी मागेच उभी होते. बुडबुडा नळीच्या पार टोकाला जाऊन बसला. संपलं, मी मनात म्हटलं. रांगेल जमिनीकडे बघत होता.

"काय मिस्त्री," मागून पोस्टमन ओरडला, "जावयाचं काम वाकडंच ना?" लोक हसायला तयारच होते.

मिस्त्रींनी एक डोळा मिटला आणि निळ्या चौकोनाच्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. मग बुडबुड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे, फार वेळ. साठ वर्षं ओळंबा धरलेल्या माणसाला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी पट्टी उचलून खिशात घातली आणि रुमाल होता तसा नीट पसरला.

"सरळ आहे," ते मोठ्याने म्हणाले. "सूत लावून केल्यासारखं. सुरू कर, रांगेल."

रांगेलला बटण काही सापडेना. डोळे पुसत तो नुसता पेटी चाचपत राहिला, शेवटी मीच दाबलं.