उसनी पाळी

२२ नोव्हेंबर १९९३. सहा माणसे.

गांगवॉनच्या डोंगरातील खाणीत त्या दिवशी वायूचा स्फोट झाला. त्यात गेलेला सहावा माणूस मा चांगगू. ती पाळी मुळात त्याची नव्हती. त्याचा सोबती सॉक गिलमान याच्या घरी बाळाच्या शंभराव्या दिवसाचा सोहळा होता म्हणून चांगगूने आपण होऊन त्याची पाळी धरली. पुढच्या आठवड्यात गिलमानने चांगगूची धरायची, असा खाणकामगारांचा रिवाज.

ते बाळ आता सैन्यात आहे. चांगगूची पत्नी मालसुन नवऱ्याच्याच निळ्या ट्रकमधून खिंडीपलीकडच्या बाजारात कोबी नेते. घरोघरी किमचीसाठी कोबी मुरवायचे दिवस; उद्या माल गेला नाही तर थंडीने शेतातच कुजणार. आणि आज क्लचचे पेडल तळाला जाऊन बसत होते. ऑइल काळे पडलेले, नळीत हवा शिरलेली.

नळीतली हवा काढायचे काम एकट्याचे नाही. एकाने खाली झोपून स्क्रू उघडायचा, दुसऱ्याने वर पेडल दाबून धरायचे. पूर्वी खाली चांगगू झोपे आणि वर मालसुन, त्यांच्या ओकजूची आई, बसे.

"ओकजूच्या आई, दाब!"

"दाबलं."

"धर."

"धरलंय हो! इथंच म्हातारी होऊ का मी?"

खालून हसू येई, ते गल्लीभर ऐकू जाई.

आता खाली ती झोपते आणि पेडलवर दरवर्षी गिलमान येतो.

"वहिनी, यंदा मी जातो खाली."

"ते पोट मावणार आहे का चाकांमध्ये, भावोजी? बसा गप."

तिने क्लचच्या ऑइलची वरची डबी नव्या ऑइलने भरली, स्क्रूला लावलेली नळी सोजू दारूच्या रिकाम्या बाटलीत सोडली आणि पाना घेऊन ती पोत्यावर आडवी झाली.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

काळे ऑइल बुडबुड्यांसह बाटलीत उतरले. तिने स्क्रू आवळला. "सोडा."

असे काही वेळा झाले. बुडबुडे विरळ होत आले. स्क्रू पुन्हा उघडला, तोच वरून आवाज आला, "वहिनी, दादांची ती पाळी... मला एकदा..." आणि बोलता बोलता त्याचा पाय उचलला गेला.

"पाय! अहो, पाय! गेली ना हवा आत!"

"चुकलो, वहिनी."

मालसुनने स्क्रू आवळला. तो काय बोलणार हे तिला ठाऊक होते. तो बोलला असता तर 'फिटलं' म्हणणे तिच्याकडे आले असते. आणि पाळी तर चांगगूला परत मिळायची होती, तिला नव्हे. शिवाय ते एकदा फिटले की 'धरलंय' म्हणणारे वर कोण बसणार होते?

"स्क्रू उघडा असताना बोलायचं नाही, भावोजी."

"आणि बंद असताना?"

"दाबा."

पुन्हा पहिल्यापासून. दोघांत तेवढेच मोजके शब्द फिरत राहिले. अखेर मधाच्या रंगाचे स्वच्छ ऑइल उतरू लागले आणि पेडल पायाखाली घट्ट झाले. तिने वर बसून गिअर टाकला. गिअर सहज पडला.

"पहाटे निघते मी. पुढच्या वर्षी या."

"येतो की."

कंपनीने सहाही मृत्यूंची भरपाई दिली. ती एक पाळी अजून फिटलेली नाही.