आयर्लंडात गाडी कोण चालवणार

२००६ सालच्या मे महिन्यात जर्मनीत, आखनमधल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पश्चिम आयर्लंडचा नकाशा पसरलेला असे. जेवायच्या वेळी तो घडी करून फ्रिजवर ठेवायचा आणि ताटं उचलली की पुन्हा अंथरायचा, असा नियम आपोआप पडला. बाहेर फुटबॉलच्या विश्वचषकाची तयारी चालू होती, शेजारच्या बाल्कन्यांतून झेंडे लटकू लागले होते. आमच्याकडे शॅनन, बरेन, कॉनेमारा ही नावं घेतली जात होती, आणि घरातला प्रत्येक जण ती आपापल्या पद्धतीने उच्चारत होता.

जाणारे चार जण. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. नवरा मोटारींचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. सासूबाई निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. सहल हिवाळ्यातच ठरली होती. आयर्लंडला जर्मनीचा शेंगेन व्हिसा चालत नाही हेही वेळेवर ध्यानात आलं होतं, त्यामुळे सासूबाई तिकडचा व्हिसा घेऊनच निघाल्या होत्या. उरलं होतं ते चार दिवसांचं नियोजन: कुठे चालायचं, काय पाहायचं, कुठे मुक्काम करायचा.

टेकड्या निवडायचं काम सासूबाईंनी घेतलं. नकाशावरच्या समोच्च रेषांवरून बोट फिरवून त्या सांगत, की हा चढ बेताचा आहे, हा नको, इथे रेषा एकमेकींना चिकटल्यात. चालण्याचा सराव म्हणून त्या रोज सकाळी गावातल्या लाउसबर्गच्या टेकडीवर जाऊन येत. पंजाबी ड्रेस, वर स्वेटर, पायात नवे ट्रेकिंगचे बूट. बूट सीमेपलीकडे, हॉलंडमधल्या फाल्सच्या दुकानातून घेतले होते. परदेशात जाऊन बूट घेतले आणि कोणी पासपोर्टसुद्धा विचारला नाही, हे त्यांनी कोल्हापूरला धाकट्या बहिणीला फोनवर दोनदा सांगितलं.

गाडीचा प्रश्न निघाला तो वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंमुळे. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि कॉनेमारात पाठीवर पिशवी घेऊन हिंडून आलेल्या. नवऱ्याने त्यांना मुद्दाम कॉफीला बोलावलं. त्यांनी नकाशा आपल्याकडे फिरवून घेतला आणि आमच्या बेताची एकेक गोष्ट तपासली. टेकडी चांगली निवडली आहे. बरेनमधल्या दगडी पठारावर पाय जपून टाका, फटी खोल असतात. पण बसच्या भरवशावर राहू नका, काही गावांना ती रोज जातही नाही. भाड्याची गाडी घ्यावीच लागेल. आणि हो, तिकडे सगळे डावीकडून चालवतात.

नवरा सासूबाईंसाठी हे मराठीत सांगत होता. शेवटच्या वाक्यापाशी सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"डावीकडून? आपल्यासारखं?"

"हो. गेनाऊ, अगदी तसंच."

"मग गाडी मी चालवते की."

नवरा हसला. शेजारीणबाईंना भाषांतर हवं होतं. ते ऐकून त्याही हसल्या, पण सासूबाईंकडे बघत, मान डोलावून.

सासूबाईंनी गाडी चालवायला शिकण्याची गोष्ट इथे सांगायला हवी. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या शिकल्या. सासऱ्यांची नजर अधू झाली होती आणि दारातली गाडी नुसती धूळ खात होती. सासरे गेल्यावरही त्यांनी ती विकली नाही. शाळा, बाजार, लग्नं, दवाखाने, सगळीकडे त्या स्वतः गाडी घेऊन जात. माहेर कोकणात. वर्षातून तीन-चार वेळा गगनबावड्याचा घाट उतरून त्या एकट्या जात आणि येताना मागची सीट फणसांनी भरून आणत. घाटात धुकं असलं तर पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवायची, असं त्यांचं तंत्र होतं.

आखनमध्ये मात्र त्या मागच्या सीटवर बसत. मुलाने दार उघडलं की उतरत. टेकडी आणि कोपऱ्यावरची बेकरी सोडली तर एकट्या कुठे जात नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "इथं मला सामानासारखं नेताय-आणताय. सामान तक्रार करत नाही, म्हणून मीही करत नाही."

त्यामुळे गाडीचं त्या थट्टेने म्हणत नव्हत्या, हे मला कळलं होतं. नवऱ्याला कळायला थोडा वेळ लागला.

त्याची अडचण वेगळीच होती. कोल्हापुरात त्याने सायकलच चालवलेली. गाडी तो आखनला आल्यावर शिकला, जर्मन फारशुलेत, म्हणजे ड्रायव्हिंगच्या शाळेत जाऊन. परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झाला होता आणि हे पाहुण्यांना सांगायला तो विसरत नसे. पण डाव्या बाजूने गाडी त्याने आयुष्यात एकदाही चालवलेली नव्हती. हे त्यालाही त्या कॉफीच्या वेळीच पहिल्यांदा जाणवलं असावं. तरी त्याने बुकिंग स्वतःच्या नावाने केलं. सासूबाईंनी विचारलं, माझं नाव घातलंस का. तो म्हणाला, "आल्झो... बघू." आल्झो हा शब्द तो उत्तर द्यायचं नसलं की वापरतो. सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, पण या शब्दाचा अर्थ त्यांनी बरोबर ताडला होता.

दोन दिवस हा विषय जेवताना, कपडे वाळत घालताना, मुलीला शाळेत सोडताना चालू राहिला. नवऱ्याचं म्हणणं, तिकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, गाडी अनोळखी. सासूबाईंचं म्हणणं, रस्ता अरुंद असणं ही काही आयर्लंडची मक्तेदारी नव्हे. भाड्याच्या गाडीवाल्यांना वय चालणार नाही, असं तो म्हणाला. त्यांनी त्याला फोन करून विचारायला लावलं. वय चालत होतं. लायसन्स इंग्रजीत आहे, तेही चालत होतं. फोन ठेवून तो म्हणाला, की तरी आपण नीट विचार करू. त्या म्हणाल्या, "गिअर तू बनवतोस, हे मला मान्य आहे. टाकते मी."

शेवटी त्याने सरावाचा मार्ग काढला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे गावाबाहेरच्या फर्निचरच्या दुकानाचं पार्किंग मैदानासारखं मोकळं असतं. रविवारी आम्ही तिथे गेलो. डिकीत सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट होते, सोमवारी परत द्यायचे. ते त्याने मधोमध रचले. हा झाला चौकातला गोल. मुलीच्या हाताला धरून मी एका बाजूला उभी राहिले. सासूबाई गाडीत मागे बसल्या.

त्याने गाडी सुरू केली, आखलेल्या पट्ट्यांच्या डाव्या बाजूला घेतली आणि क्रेटजवळ येताच सवयीने उजवीकडे वळवली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं. मुलगी माझ्याजवळून ओरडत होती, "लिंक्स, पापा, लिंक्स," म्हणजे डावीकडे. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तरं जर्मनमध्येच येतात. तिसऱ्या वेळी तो गोंधळून मध्येच थांबला. काच खाली होती, त्यामुळे सासूबाईंचं बोलणं आम्हाला ऐकू आलं.

"अरे, उलटी प्रदक्षिणा घालतोयस. देवळात घालतोस तशी घाल."

हे त्याला एकदम पटलं. पुढची फेरी बरोबर झाली. त्याच्या पुढचीही. आनंदाच्या भरात त्याने वेग वाढवला, गोलातून बाहेर पडताना गाडी पुन्हा उजवीकडे ओढली गेली आणि वरचा क्रेट खाली आला. बाटल्या फुटल्या नाहीत, पण आवाज सगळ्या मैदानभर झाला. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा लगबगीने आले. त्यांना अपघाताचं काही नव्हतं. रविवार हा शांततेचा दिवस आहे, काचेचा आवाज करता येत नाही, एवढं त्यांनी आम्हाला समजावलं. मग हे काय चाललं आहे, असं विचारलं. नवऱ्याने आयर्लंडचं सांगितलं. आजोबा थांबले, त्यांनी एक पूर्ण फेरी पाहिली आणि जाताना म्हणाले, की त्यापेक्षा बस बरी.

घराखाली गाडी लावल्यावर सासूबाई उतरल्या नाहीत. मागच्या सीटवरूनच म्हणाल्या, "तीन महिने मी तुमच्या मागं बसणार आहे, बसेन. त्यातले चार दिवस मला पुढं बसू दे."

नवऱ्याने आरशात पाहिलं. आल्झो म्हणाला नाही. वर येऊन त्याने फोन लावला आणि दुसरा चालक म्हणून आईचं नाव घातलं. फोन ठेवल्यावर मात्र पुस्ती जोडली, की पहिला चालक तोच, दुसरा गरज पडली तरच. सासूबाईंनी मान हलवली. आपल्याला सही मिळाली आहे, चावी नाही, हे त्यांना समजलं होतं.

उरलेले दिवस त्यांनी नकाशातले रस्ते पाहण्यात घालवले. टेकड्या मागे पडल्या. कॉनेमारातला कुठला रस्ता तळ्याच्या कडेने जातो, कुठे वळणं जास्त आहेत, हे त्या नातीला दाखवत आणि नात जर्मनमध्ये प्रश्न विचारे. उत्तरं मराठीत मिळत. दोघींचं उत्तम जमत असे.

जूनच्या सुरुवातीला, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीत आम्ही निघालो. विमानतळ असा, की ज्याच्या नावात फ्रँकफर्ट आहे आणि आसपास फ्रँकफर्ट कुठेच नाही. शॅननला उतरलो तेव्हा ऊन होतं आणि वाराही होता. काउंटरवर सह्या झाल्या. चावी नवऱ्याच्या हातात दिली. गाडी लहान, निळी. त्याने लांबूनच बटण दाबून ती उघडली. मी आणि मुलगी मागे शिरलो. तो डाव्या दाराने आत बसला, पट्टा लावला आणि चावी घालायला हात पुढे नेला. समोर हातमोजे ठेवायचा कप्पा होता.

त्याच वेळी उजवं दार उघडून सासूबाई बसल्या. त्याही विचार करून तिकडे गेल्या नव्हत्या. आखनमध्ये पुढे बसायची वेळ आली असती तरी त्या याच दाराशी गेल्या असत्या आणि समोर काही मिळालं नसतं. इथे समोर स्टिअरिंग होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नवऱ्याने हात लांब करून चावी आईच्या तळहातावर ठेवली.

"आरसे लावून घे," तो म्हणाला.

"तू पट्टा लावलायस ना? मग झालं."

पहिल्या काही वळणांवर त्यांनी गाडी हळू नेली. गिअर शोधायला त्यांना वेळ लागला नाही, डावा हात आपोआप जात होता. गावं मागे पडली, रस्ता एका गाडीपुरता झाला, मध्ये गवताची रेघ आली. नवरा सुरुवातीला पाय घट्ट रोवून बसला होता. बरेनपाशी पोचेपर्यंत तो खिडकीबाहेर बघू लागला. रस्ता न बघता नुसतं बाहेर बघत जाणं, हे त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्याला दगडी बांधांमध्ये उगवलेली निळी फुलं दिसली, आणि ती तो एकेक करून आम्हाला दाखवू लागला. मुलगी म्हणाली की ती तिने आधीच पाहिली आहेत. हेही जर्मनमध्ये.

दुसऱ्या दिवशी कॉनेमारात, एका आंधळ्या वळणाआधी सासूबाईंनी घाटातल्यासारखा लांब हॉर्न दिला. पलीकडे मेंढ्या होत्या आणि त्यांच्या मागे एक शेतकरी.

"आई, इथं हॉर्न वाजवत नाहीत," नवरा म्हणाला.

"मग मेंढ्यांना कळणार कसं?"

मेंढ्या सावकाश बाजूला झाल्या. शेतकऱ्याने जाता जाता एक बोट वर केलं. ही तिकडची ओळख देण्याची रीत आहे. सासूबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून त्याला नमस्कार केला. गाडी उभी होती, एवढं नमूद करायला हवं.

टेकडी आम्ही चढलो. समोच्च रेषांवरून केलेला अंदाज बरोबर निघाला. चढ बेताचा होता, वर वारा फार होता, आणि खाली खाडी, बेटं, पलीकडे समुद्र असं सगळं नकाशात होतं तसंच पसरलेलं होतं. सासूबाईंनी नातीला खाडी आणि उपसागर यांतला फरक सांगितला. नवऱ्याने डब्यातल्या मेथीच्या दशम्या काढल्या. खाली उतरताना एक सर येऊन गेली.

शेवटच्या दिवशी दलदलीच्या माळावरून जाणारा सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना फक्त तपकिरी गवत, समोरून कोणी नाही. सासूबाईंनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरल्या.

"ये. आता तू चालव," त्या मुलाला म्हणाल्या. "मी शेजारी बसते."

तो फेरी घालून उजव्या बाजूला आला. पहिला गिअर टाकताना त्याचा उजवा हात दारावर आपटला. सासूबाई हसल्या नाहीत. "डावा," एवढंच म्हणाल्या. मग गाडी निघाली. त्या समोर बघत अधूनमधून हळूच सांगत होत्या, बांधापासून एवढं अंतर ठेव, आता सरळ, घाई नको. गाडी एकदाही उजवीकडे ओढली गेली नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याच्या दिवशीचं हसू होतं. ते मी फोटोत पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते.

लांबवर घरं दिसायला लागली, एक चर्च, मग दोन गाड्या.

"गाव आलं," सासूबाई म्हणाल्या. "घे बाजूला. आणि आता सरक."

तो सरकला.