पाहुण्यांपुढच्या सीलबंद बाटल्या

आमच्या स्वयंपाकघरात भलामोठा फिल्टर आहे. आदल्याच आठवड्यात त्याची सर्व्हिसिंग झाली होती. तरीही मी खालच्या दुकानातून पाण्याच्या डझनभर बाटल्या मागवल्या. का, तर मुलाला बघायला मुलीकडचे येणार होते. पोरगा चौतिशीचा झालेला, आधीची सगळी स्थळं काही ना काही खुसपट काढून परत गेलेली. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

"अगं, घरात पाणी आहे की," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आपल्या सर्जापूर रोडला पाण्याचा टँकर येतो हे अख्ख्या बेंगळुरूला माहीत आहे. लोक काय म्हणतील?"

मुलगी आणि तिचे आईवडील आले. तीन पिढ्या इथेच काढलेली, मराठीत मधूनच कानडी शब्द पेरणारी माणसं. मी प्रत्येकापुढे एकेक बाटली ठेवली, सील दिसेल अशी. पोहे संपले, गप्पा झाल्या, पण बाटलीला कोणी हात लावेना. झालं, पाणी हलक्यातलं वाटलं यांना! नवऱ्याला आत बोलावून मी कुजबुजले, "जा, त्या काचेच्या महागड्या बाटल्या घेऊन या." बिचारा चपला अडकवून निघाला.

तेवढ्यात मुलीची आई उठून सरळ स्वयंपाकघरात आली.

"अक्का, स्वल्प पाणी देता?"

"अहो, बाटली ठेवलीय ना तुमच्यापुढे!"

"ते नको. तुमच्या घरातलं द्या."

मेले! आता काय लपवायचं? "आमच्याकडे टँकरचं असतं हो," मी कसंबसं म्हटलं. "म्हणजे फिल्टर आहे, पण..."

"आमच्याकडे तरी कुठे वेगळं येतं?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाटल्या बघून आमचे हे जरा हिरमुसलेत. म्हणतात, आपल्याला परकंच समजतात वाटतं."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी फिल्टरखाली पेला धरला. भरून वाहायला लागला तरी नळ बंद करायचं सुचेना.

त्यांनीच तो बंद केला. "मुलगी या घरात आली तर रोज हेच पिणार ना? मग मला आधी पिऊन बघू दे."

त्या सावकाश प्यायल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. रिकामा पेला माझ्या हातात देऊन त्यांनी बाहेर बसलेल्या मुलीला हाक मारली, "अगं, आत ये गं, पाणी पिऊन घे."