खंडेनवमीला पुसलेल्या वायरी

आमच्या कॉलेजचं वायफाय माझ्या डोक्यात आहे, असं मी छाती पुढं काढून सांगत असे. कुठली वायर कुठल्या भिंतीत शिरते आणि कुठं बाहेर येते, झोपेतून उठवून विचारा. कागदावर मात्र एक ओळ नव्हती. कागद हरवतात, माझं डोकं हरवत नाही, असं माझं म्हणणं. छत्रपती संभाजीनगरच्या या कॉलेजात नेटवर्क सांभाळायला मी अकरा महिन्यांच्या करारावर होते, आणि करार दर वर्षी नवा होत होता, तो या डोक्याच्या जोरावरच, अशी माझी पक्की समजूत होती.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं त्या सकाळी ग्रंथालयाच्या वाचनकक्षातलं वायफाय बंद निघालं. दुपारी दोनला तिथंच मुलांची टॅबवर परीक्षा होती. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर पुण्याच्या एका कंपनीचा जाडजूड प्रस्ताव ठेवलेला, मला दिसेल असा.

"मॅडम, आज परीक्षा झाली नाही तर पुढच्या वर्षीचं काम मी यांना देतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"सर, बारापर्यंत चालू करते," मी म्हटलं. दोन तास कमी करा असं कुणी सांगितलं नव्हतं, मीच केले. स्वभावच तसा आहे.

वाचनकक्षाच्या छताला आठ पांढऱ्या थाळ्या चिकटवल्या आहेत. ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्यांना. या थाळ्यांना स्वतःची अक्कल नसते. वायरीतूनच वीज मिळाली की त्या आधी स्वतःसाठी एक पत्ता मिळवतात, मग सर्व्हर रूममधला कंट्रोलर कुठं आहे ते विचारतात आणि पुढं तो सांगेल तसं वागतात. कंट्रोलर सापडला की थाळीवरचा दिवा स्थिर हिरवा होतो. सापडेपर्यंत नुसता लुकलुकतो. त्या सकाळी आठही दिवे लुकलुकत होते.

मी थेट सर्व्हर रूममध्ये गेले. कंट्रोलर चालू होता. त्याच्या कपाळावर हळदीकुंकू आणि वर झेंडूचं एक फूल. हे काम आमच्या मामांचं. मामा म्हणजे ग्रंथालयातले शिपाई. गाव खुलताबादकडचं, घरी थोडी शेती. खंडेनवमीला ते घरचा ट्रॅक्टर पुजून यायचे आणि मग कॉलेजातली यंत्रं पुजायचे. माझी हरकत नसे. मी दरवर्षी तिथं उभी राहायचे आणि "वरून वरून पुसा, आत हात घालू नका" एवढंच बजावायचे. यंदा पैठणहून पाहुणे आले होते म्हणून मी खंडेनवमीला रजेवर होते, आणि दसऱ्याला आम्ही सगळे घरचे शहराबाहेरच्या लेणीवर वंदनेला जातो.

सुट्टीच्या आधी मी कंट्रोलरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. तेच बाधलं असणार, असं मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. ते उतरवलं, जुनं चढवलं, कंट्रोलर बंद करून चालू केला. यात दीड तास गेला. दिवे लुकलुकतच राहिले. मग तारीखवेळ तपासली, परवाने तपासले, कंट्रोलरच्या साऱ्या नोंदी वाचल्या. कंट्रोलर ठणठणीत होता. त्याला कुणी हाक मारायलाच आलं नव्हतं.

बारा वाजून गेल्यावर मी शिडी मागवली. मामांनी ती धरली आणि मी लॅपटॉप काखेत मारून वर चढले. वायर थेट थाळीला जोडली आणि तिलाच विचारलं, बाई, तुझा पत्ता काय? पत्त्यातला तिसरा आकडा आला चाळीस. तिथं दहा हवा होता.

आमच्या नेटवर्कचे कप्पे आहेत. दहाचा कप्पा या थाळ्यांचा, चाळीसचा ग्रंथालयातल्या संगणकांचा. कंट्रोलर कुठं आहे ते फक्त दहाच्या कप्प्यात सांगितलं जातं. थाळ्या चुकीच्या कप्प्यात जाऊन बसल्या होत्या आणि तिथं त्यांना कंट्रोलरचं नावही कुणी सांगत नव्हतं. संगणक त्या सकाळी कुणी चालू केले नव्हते, नाहीतर तेही अडकले असते आणि मला आधीच उमगलं असतं. काखेत कळसा आणि मी गावभर हिंडत होते.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात भिंतीवर एक लोखंडी कपाट आहे. साऱ्या वायरी तिथल्या स्विचमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या भोकांच्या पेटीत, येतात. पहिली आठ भोकं दहाच्या कप्प्याची, त्यांत थाळ्यांच्या; पुढची चाळीसच्या, त्यांत संगणकांच्या. कपाट उघडलं आणि मी बघतच राहिले. एरवी तिथं वायरींचा नुसता गुंता असतो. आज एकेक वायर विंचरल्यासारखी सरळ होती, निळ्या निळ्यांत, पिवळ्या पिवळ्यांत. धुळीचा कण नाही. मी मात्र वायरी ओढताना हाताला येईल तो रंग वापरला होता, त्यामुळं रंग जुळवताना थाळ्यांच्या वायरी संगणकांच्या भोकांत जाऊन बसल्या होत्या. स्विचवर कुंकवाचं बोट होतं.

"मामा, या वायरी कुणी काढल्या?"

"म्याच की. पुसायला." मामांचा चेहरा खुलला. "लई धूळ व्हती, मॅडम. पुसल्याबिगर पूजा कशी व्हईल? घरी नांगरबी खोलूनच धुतो आम्ही."

राग असा आला की दोन शब्द तोंडापर्यंत येऊन थांबले. थांबले ते एका आठवणीमुळं. मागच्याच वर्षी मामा म्हणाले होते, "मॅडम, वायरीवर नंबर टाका की. कुणालाबी कळंल." आणि मी हसून म्हटलं होतं, मामा, नंबर माझ्या डोक्यात आहेत.

आता त्या डोक्याला विचारलं, तर ते गप्प. मला आठवत होतं ते असं: खाली लोंबणारी ती दाराजवळच्या थाळीची, दुसरीखाली अडकलेली ती खिडकीकडची. माझं सारं ज्ञान त्या गुंत्यात होतं, आणि गुंता मामांनी सोडवला होता. मला तिथंच स्वतःची लाज वाटली.

"मामा, तुम्ही आत उभे राहा. दिवा विझला की सांगा कुठला."

मी एकेक वायर उपसत गेले. आतून मामा ओरडत होते, "गेला, खिडकीचा गेला!" प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी काढून मी प्रत्येक वायरीवर नंबर लिहिला, मराठी आकड्यांत, मामांना वाचता यावा असा. सव्वाला आठवी वायर जागेवर बसली. थोड्या वेळानं मामांचा आवाज आला, "समदे हिरवे, मॅडम." परीक्षा वेळेवर सुरू झाली.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. त्यात कारणाचा एक रकाना असतो. मी लिहिलं, वायरींवर खुणा नव्हत्या, जबाबदारी माझी. प्राचार्य ते वाचत असतानाच दारात मामा येऊन उभे राहिले.

"साहेब, वायरी म्या काढल्या व्हत्या. मॅडमला काय बोलू नका."

प्राचार्यांनी आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "बिघाड एक आणि कबुली द्यायला दोघं," ते म्हणाले. मग पुण्याचा प्रस्ताव उचलून खणात टाकला. "मॅडम, काम तुमच्याकडंच राहील. पण तुमच्या डोक्यात आहे ते सगळं उद्या मला भिंतीवर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी नकाशा काढला आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. मामांनी तो दोनदा वाचून घेतला.

पुढच्या दसऱ्याला मी लेणीच्या पायऱ्या चढत होते तेव्हा मामांचा फोन आला. खंडेनवमीला वायरी काढल्या होत्या, पुसल्या होत्या, परत लावल्या होत्या, आणि आज मुद्दाम कॉलेजात जाऊन पाहून आले होते. आठही दिवे हिरवे. माझ्यावाचून सगळं झालं होतं. खोटं कशाला बोलू, थोडं टोचलं. मग मी मागं वळून आईला म्हटलं, "आमच्या मामांनी वायफाय लावलं," आणि ते सांगताना माझी छाती नेहमीपेक्षा जास्त पुढं आली होती.