न उघडलेल्या फायली

चारुशीलाबाईंच्या घरात न चालणारी वस्तू फार दिवस टिकत नसे. न उमटणारं पेन, संपलेले सेल, बंद घड्याळ, सगळं त्या रविवारी गोळा करून बाहेर काढत. भूम गावच्या ज्या शाळेत त्या शिकवत, तिथलं संगणकाचं कामही त्यांच्याकडेच असे, कारण त्यांना जमतं असं सगळे म्हणत. हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

त्यांची लेक श्रिया कॉलेजच्या स्पर्धेसाठी तेरखेडा गावच्या ओळखीतल्या सत्यभामा मावशीवर लघुपट करत होती. मावशीनं तीस वर्षं फटाक्यांच्या कारखान्यात वाती वळल्या होत्या आणि दसऱ्यानंतर ती काम सोडणार होती, कारण हात थरथरायला लागले होते. श्रियानं गौरीशंकर मामाचा जुना हँडीकॅम मागून आणला, तेव्हा बाई हसल्या होत्या.

"चांगला फोन असताना हे धूड कशाला गं?"

"फोन काय, कॅमेरा काय, फाटकाच्या आत काहीच नेऊ देत नाहीत, आई. कुंपणाबाहेरून शूट करायचंय. फोननं एवढं झूम केलं की मावशीचे हात पिठल्यासारखे दिसतात. याचं झूम खऱ्या भिंगाचं आहे."

मावशीच्या कामाच्या शेवटच्या दिवशी श्रिया कुंपणाबाहेर लिंबाखाली पाच तास उभी राहिली. मावशीच्या सुनेला बघायला मिळावं म्हणून तिनं काही तुकडे दर्जा उतरवून, लहान करून तिला आणि आईला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि परीक्षेसाठी धाराशिवला गेली. जाताना म्हणाली, "कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कपाटात ठेव. ते लागणार आहे."

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. शूटिंगसाठी बाईंनी तोच हँडीकॅम नेला. कार्ड भरलेलं होतं. शाळेच्या संगणकात घालून बघितलं, तर एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावाशेवटी कधी न पाहिलेली तीन अक्षरं. बाईंना वाटलं, खराब झाल्या. आणि चालणारे तुकडे तर व्हॉट्सॲपवर होतेच, सुरेख दिसत होते. लेकीला एक फोन करता आला असता. पण तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, आणि कार्यक्रम तासाभरावर. बाईंनी कार्ड पुसलं. त्यावर दोन तास नाच भरले.

श्रिया परतली, कार्ड लावलं, आणि तिला चौथीच्या मुलींचं लेझीम दिसलं.

"संमेलनाला वापरलंस?"

"हो... आधीचं काही उघडतच नव्हतं," बाई म्हणाल्या. पुसलं, हे मात्र म्हणाल्या नाहीत.

श्रियानं कार्ड काढून पुन्हा लावलं, पुन्हा तेच लेझीम. "म्हणजे कॅमेऱ्यानंच घात केला. सगळे सांगत होते, जुना घेऊ नको. माझंच चुकलं, आई." कॉलेजच्या स्पर्धेत मोठा पडदा होता. त्यावर व्हॉट्सॲपचे तुकडे लावून बघितले, तर मावशीची बोटं चौकटी-चौकटींची झाली. तिनं स्पर्धेतून नाव काढलं आणि हँडीकॅम मामाकडे परत पाठवला.

चार दिवस बाई वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबत. व्हॉट्सॲपचे तुकडे त्याच फायलींतून काढलेले, म्हणजे त्या चांगल्याच होत्या, हे त्यांना आता कळलं होतं. चूक झाली ती झाली. पण ती लेकीच्या अंगावर घातली, हे त्यांना गिळवत नव्हतं.

पाचव्या दिवशी श्रिया लघुपट बुडाला हे मावशीला सांगायला निघाली. बाई म्हणाल्या, "मी येते." तेरखेड्यापर्यंत एसटीत त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा खिडकीबाहेर बघितलं.

सत्यभामा मावशीनं चहा ठेवला. "कुठं लावलाय माझा शिनेमा?"

"मावशी, माझा कॅमेरा..." श्रियानं सुरुवात केली.

"कॅमेरा नाही," बाई म्हणाल्या. "मी पुसलं. फायली चांगल्या होत्या. शाळेच्या संगणकावर उघडत नाहीत म्हणून मी पुसल्या. तुला विचारलं नाही, आणि नंतर गप्प बसले."

श्रिया आईकडे वळली. चहा उतू जाऊ लागला.

"आत्ता सांगतेस? नाव काढून झाल्यावर?"

"हो."

"घरी सांगता आलं नसतं?"

मावशीनं गॅस बंद केला. "बाई, लई मोठा घोटाळा केला तुमी," ती म्हणाली. "सुनंनं दावलंय मला फोनवर. त्येवढं हाय की. पण पोरीचे पाच घंटे उभ्यानं गेले, त्ये कोण देणार?" मग ती बसली. हात मांडीवर ठेवले आणि बोलता बोलता तिचा अंगठा बोटांवरून घसरू लागला. हातात काही नव्हतं, तरी वात वळली जात होती. मधेच हात थरथरे, थांबे, पुन्हा वळू लागे.

श्रियाचं लक्ष तिकडे गेलं. ती सरकून पुढे बसली. इथं कुंपण नव्हतं, फोनवर बंदी नव्हती, आणि झूमची गरज नव्हती.

"मावशी, असंच राहा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"कामाचं. पहिल्या दिवसाचं."

तिनं स्वतःच्या फोनवर आवाज टिपायला लावून तो मावशीजवळ ठेवला, आणि चित्रासाठी आईचा फोन मागून घेऊन व्हिडिओचं सेटिंग सगळ्यात वरच्या दर्जावर नेलं. मग तो आईच्या हातात दिला. चेहऱ्यावर राग तसाच होता.

"आडवा धर. हलवू नकोस. आणि मी सांगेपर्यंत काहीही पुसायचं नाही. उघडलं नाही तरी."

बाईंनी दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि श्वास रोखून धरला. फोनच्या पडद्यावर मावशीचे हात स्पष्ट दिसत होते.